हॅवलॉकचा ट्राय डाइव्ह: चौघांच्या घराने पैसे नेमके कशाचे मोजायचे

अंदमानच्या हॅवलॉक बेटाचं नाव डिसेंबर २०१८ पासून सरकारदरबारी स्वराज द्वीप आहे, पण बुकिंगवाल्यांच्या तोंडी अजून हॅवलॉकच. या बेटावर पोहता न येणाऱ्यालाही समुद्राखाली फिरवून आणणारी एक सेवा सर्रास मिळते: ट्राय डाइव्ह. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, कुठल्या एका दुकानाचं नाही. दुकानं भरपूर आहेत, टाक्या सगळ्यांच्या सारख्याच, आणि रीफ, म्हणजे प्रवाळाचा पट्टा, तर सामायिकच. खरा फरक पडतो तो एका गोष्टीत: इन्स्ट्रक्टर तुमच्यासोबत कमरेएवढ्या पाण्यात किती वेळ काढतो. पाच मिनिटांत उरकून खाली नेणारा आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबणारा, दोघांचं बिल जवळपास सारखंच येतं. म्हणून दुकान ठरवताना रेटकार्डाआधी हे विचारावं.

मिळतं काय, ते आधी. आरोग्याचा फॉर्म, अर्ध्या तासाची माहिती, उथळ पाण्यातला सराव, आणि मग ५ ते १० मीटर खोलीवर वीस ते चाळीस मिनिटं. नियमाने ट्राय डाइव्हची कमाल मर्यादा १२ मीटर. पाठीवरच्या टाकीचा वरचा भाग इन्स्ट्रक्टरने धरलेला असतो, पाण्यात वर-खाली ठेवणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं तोच करतो, दिशाही त्याचीच. तुम्ही श्वास घ्यायचा, कान सांभाळायचे आणि बघायचं. यात कमीपणा काही नाही, फक्त परत आल्यावर 'आम्ही डायव्हिंग शिकलो' म्हणू नये एवढंच.

आणि ती टाकी ऑक्सिजनची नसते. वर्तमानपत्रांत सुद्धा 'ऑक्सिजन सिलिंडर' छापून येतं, पण आत असते गाळून दाबाने भरलेली साधी हवा. टाकीत साधारण ११ लिटरची जागा, २०० बारचा दाब (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब), म्हणजे सुमारे २,२०० लिटर हवा. ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं, तेव्हा वापरायला उरली १,६५० लिटर. पाण्यात शांत राहणारा माणूस सपाटीवरच्या दाबाला मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून खपही दुप्पट: ४० लिटर, म्हणजे चाळीस मिनिटं. धापा टाकणारा त्याच हिशेबाने ३० लिटर ओढतो, म्हणजे १० मीटरवर ६०, आणि सत्तावीस मिनिटांत त्याच्या दाबमापकाचा काटा ५० वर येतो. 'आम्हाला कमी वेळ दिला' या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच गणित असतं. लांब, सावकाश उच्छ्वास हा त्यावरचा एकमेव आणि फुकटचा उपाय.

किनारा की बोट

पहिल्या वेळेला किनाऱ्यावरून जाणारा डाइव्ह घ्यावा, बोटीचा नाही. दोन्हींच्या दरात दीड-दोन हजारांचा फरक असतो आणि बोटवाला डाइव्ह 'प्रीमियम' म्हणून गळ्यात मारला जातो. पण किनाऱ्यावर पाय टेकतात. मास्कमध्ये पाणी आलं, घाबरायला झालं, तर उभं राहायचं, मास्क काढायचा, नाक शिंकरायचं, पुन्हा सुरू. बोटीवरून उतरलात की खाली तळ नाही, वर लाटा, आणि त्याच घटकेला नवीन माणसाला तोंडाने श्वास घ्यायला शिकायचं असतं. शिवाय चौघांपैकी एकाला तरी बोट लागतेच. उलटी आलेल्या मुलाला पाण्यात उतरवणं म्हणजे पैसे आणि हौस दोन्ही बुडवणं.

पूर्व किनाऱ्याजवळचा निमो रीफ यासाठीच वापरला जातो. वाळूवरून हळूहळू खोल होत जाणारा तळ, मधेमधे प्रवाळाचे ढिगारे, समुद्रफुलांच्या झुपक्यांतून डोकावणारे नारिंगी-पांढरे क्लाउनफिश. डिक्सन्स पिनॅकल, जॅक्सन्स बार, जॉनीज गॉर्ज ही नावं ऐकून कुणी भुलवलं तर त्या जागा सर्टिफाइड डायव्हरसाठी आहेत हे लक्षात ठेवा. तिथे खोली जास्त आणि प्रवाहाचा भरवसा नाही.

किनाऱ्यावरच्या डाइव्हची एक गोम आहे, ती भरती-ओहोटीची. हॅवलॉकच्या पूर्वेकडचे किनारे ओहोटीला लांबवर उघडे पडतात. पाठीवर टाकी, कमरेला शिसं, आणि पायाखाली मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे अशी वरात निघाली की पाण्यात पोहोचेपर्यंतच मुलं दमतात. त्यामुळे 'सकाळी आठला या' एवढ्यावर समाधान मानू नका, त्या वेळी पाणी भरतीचं आहे की ओहोटीचं, ते विचारा. कॅलेंडर काढून तिथी बघता आली तर फारच उत्तम. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाण्याला ओढ जास्त आणि गढूळपणाही. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, पाणी त्या मानाने निवांत. कोकणात तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब मात्र तिकडे चालवू नका. दुकानात स्थानिक तक्ता लावलेला असतो, तोच बघायचा.

कान

ट्राय डाइव्ह अर्धवट सोडावा लागतो तो बहुतेक वेळा भीतीमुळे नाही, कानांमुळे. घाटात गाडी उतरताना दडे बसतात तोच प्रकार, फक्त कितीतरी पटीने जलद. पाण्यात दहा मीटर उतरलं की दाब दुप्पट होतो, आणि या वाढीचा सगळ्यात जास्त जाच पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच होतो. पडद्याच्या आतली हवा दबते, पडदा आत ओढला जातो, दुखायला लागतं.

उपाय सोपा आहे, पण तो दुखायच्या आधी करायचा असतो. मास्कच्या नाकाच्या भागावरून नाकपुड्या चिमटीत धरायच्या आणि बंद नाकातून हलकेच हवा ढकलायची. दोन्ही कानांत 'टक' झालं की झालं. पाण्यावर असतानाच एकदा, डोकं बुडताक्षणी एकदा, आणि मग दर अर्ध्या मीटरला. दुखलंच तर जोर लावायचा नाही. इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवून हात हलवायचा, मीटरभर वर यायचं, पुन्हा करायचं. जोराने फुंकणाऱ्यांचे कान फाटतात, हे शब्दशः घ्या. डोकं वर ठेवून, पाय खाली करून उतरलं तर कान लवकर उघडतात. मुलांना हा व्यायाम घरी आठ-दहा दिवस आधीपासून द्यावा, दिवसातून चार वेळा पुरतो.

सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाकात थेंब टाकून किंवा गोळी घेऊन उतरण्याचा सल्ला कुणी दिला तर ते दुकान सोडा. औषधाचा असर खालीच ओसरला तर वर येताना कोंडलेली हवा बाहेर पडत नाही, आणि तेव्हा थांबून राहण्याचा पर्याय नसतो, कारण टाकी संपत आलेली असते.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. वर येताना तोंड मिटून धरलं तर फुप्फुसाला इजा होते. जलतरण तलावात 'श्वास रोखून बुडी' शिकलेली मुलं इथे सवयीने चुकतात, तेव्हा चांगलं पोहणाऱ्या मुलालाच हे दोनदा सांगावं.

मास्क, मिशा आणि मंगळसूत्र

मास्क घेताना पट्टा डोक्यामागे न घालता तो नुसता चेहऱ्याला लावा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. गळणाऱ्या मास्कची कारणं ठरलेली: कडेखाली अडकलेले केस, पट्टा फार आवळलेला, आणि मिशा. मिशीवर व्हॅसलिन चोपडण्याचा सल्ला जुना आहे, पण त्याने सिलिकॉन खराब होतं. त्यापेक्षा नाकाखालची दोन-तीन मिलिमीटर मिशी आदल्या दिवशी उडवावी, बाकीचा मान शाबूत राहतो. काचेवर धुकं येऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून धुणं हाच जगभरचा रिवाज आहे. मुलं किळस करतात, त्यांना बेबी शॅम्पूचा थेंब द्या.

चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते बुकिंग करतानाच विचारा. तिथे जाऊन विचारलं की 'कल लेके गए' असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. रोज फेकायच्या घ्याव्यात, वाहून गेल्या तरी हळहळ नको.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, अंगठ्या हॉटेलात. पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी नकळत सुटते. मंगळसूत्राची साखळी जॅकेटच्या पट्ट्यात अडकते. लांब केसांची घट्ट वेणी, अंबाडा नको, कारण मास्कचा पट्टा नेमका तिथेच बसतो.

खुणांपैकी एकच खूण गोंधळ घालते. अंगठा वर करणं म्हणजे पाण्याखाली 'मस्त' नाही, 'वर चला'. कॅमेरा समोर आला की हात आपोआप तसा होतो आणि इन्स्ट्रक्टर नियमाप्रमाणे तुम्हाला वर घेऊन जायला लागतो. मस्त म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचा गोल.

मुलं किती वर्षांची

पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत समुद्रातल्या ट्राय डाइव्हला किमान वय १० पूर्ण. ८ आणि ९ वर्षांच्यांसाठी बबलमेकर नावाचा वेगळा प्रकार आहे, त्यात २ मीटरच्या खाली जायचं नाही. आठ वर्षांच्या मुलाला 'चलेगा, हाइट अच्छी है' म्हणून दहा मीटरवर नेणारं दुकान बेटावर सापडलं तर ती त्याची उदारता समजू नका. लहान मापाचं जॅकेट आणि लहान माउथपीस आहे का, तेही बघा. मोठं जॅकेट मुलाच्या काखेतून वर सरकतं आणि हनुवटी त्यात बुडते. मोठा माउथपीस दातात धरून पाच मिनिटांत जबडा दुखतो. मूल किरकोळ असेल तर २८-२९ अंशांच्या पाण्यातही वीस मिनिटांत कुडकुडतं, त्याला पूर्ण बाह्यांचा वेटसूट मागून घ्या.

आठ वर्षांखालच्यांना स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत बघणं), तेही रिंग आणि लाइफजॅकेटसह. इथे नियोजनातली नेहमीची चूक होते: आई-बाबा दोघं एकाच वेळी खाली आणि धाकटं किनाऱ्यावर दुकानातल्या मुलाच्या भरवशावर. आळीपाळीने जायचं हे आधीच सांगून दोन वेगळ्या वेळा घ्या, अर्ध्याऐवजी पूर्ण सकाळ जाईल हे गृहीत धरा. आजी-आजोबांसाठी काचेच्या तळाची बोट बरी. एलिफंट बीचवरचा सी वॉक सोपा वाटतो, डोक्यावर हेल्मेट आणि केस कोरडे, पण कानांचा नियम तिथेही तोच, आणि हेल्मेटमुळे नाक चिमटीत धरणं उलट अडचणीचं.

आरोग्याच्या फॉर्मवर 'सगळ्याला नाही लिहा' असं सांगितलं जातं. लिहू नका. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, पंचेचाळिशीनंतर रक्तदाब किंवा धूम्रपान, यांतलं काही असेल तर डॉक्टरची सही लागते. ती घरूनच आणावी, बेटावर त्यासाठी धावाधाव करणं कठीण. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या अ‍ॅव्होमिनसारख्या गोळीने गुंगी येते, म्हणून ती फेरीबोटीच्या दिवशी ठीक, डाइव्हच्या सकाळी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

उलटं मोजत या

सहल परतीच्या विमानापासून मागे मोजत आखावी. डाइव्हनंतर लगेच उडता येत नाही, शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे, एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर किमान १८. घरच्या मंडळींसाठी सरळ २४ धरा. फेरीने परतायला ही अट नाही, ती समुद्रसपाटीवरच चालते.

त्यातून निघणारा आराखडा पाच रात्रींचा. पहिल्या दिवशी चेन्नई किंवा कोलकात्याहून वीर सावरकर विमानतळ, संध्याकाळी सेल्युलर जेल. (शहराचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम, तिकिटांवर मात्र पोर्ट ब्लेअरही दिसेल.) दुसऱ्या सकाळी फेरी, दुपारी दुकानात जाऊन फॉर्म आणि मास्कची मापं. तिसऱ्या सकाळी डाइव्ह. चौथा दिवस मुद्दाम मोकळा: हवा बिघडली, कुणाला शिंका आल्या, तर तो वापरायचा, नाहीतर राधानगरचा किनारा आहेच. पाचव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर, मुक्काम तिथेच, सहाव्या दिवशी विमान. सकाळची फेरी आणि दुपारचं विमान एकाच दिवशी जोडणारी पॅकेजेस स्वस्त दिसतात. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

खासगी फेऱ्या साधारण दीड तासात पोहोचवतात, सरकारी बोटीला जास्त वेळ लागतो पण ती कितीतरी स्वस्त. खासगीत बंद वातानुकूलित सभागृहात बसावं लागतं, तेव्हा बोट लागणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर, मधल्या रांगा घ्याव्यात. घड्याळ भारताचंच असलं तरी बेटं इतकी पूर्वेला आहेत की हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवस सहाला सुरू करायची तयारी नसेल तर रोज अर्धा दिवस वाया जाईल.

हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस आणि वादळांची भीती. जानेवारी ते एप्रिल पाणी सगळ्यात नितळ. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे समजूनच जावं, शाळा सांभाळून जायचं तर मार्चअखेर परीक्षा संपल्यावरचा आठवडा चांगला.

खर्च आणि कॅमेरा

किनाऱ्यावरचा ट्राय डाइव्ह माणशी साधारण साडेतीन ते साडेचार हजार. चौघांचे सोळा हजारांच्या आसपास. यात फोटो-व्हिडिओ बहुधा धरलेले असतात, आणि तिथेच एक खोच आहे. ज्या हाताने इन्स्ट्रक्टरने तुम्हाला धरायचं त्याच हातात कॅमेरा असेल तर लक्ष वाटलं जातं. वेगळा फोटोग्राफर असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. नसेल तर मुलांच्या डाइव्हला 'व्हिडिओ नको' म्हणून स्पष्ट सांगा. एका माणसामागे एक इन्स्ट्रक्टर हे तोंडी नाही, बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहून घ्या. किनाऱ्यावर आपत्कालीन ऑक्सिजनचा संच दाखवायला सांगा. इथे मात्र तो खरोखर ऑक्सिजन असतो. जवळपास सगळीकडे यूपीआय चालतं, २०२० साली चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेटवर्क सुधारलं आहे, तरी थोडी रोकड जवळ ठेवा.

पंधरा वर्षांवरच्या कुणाला मनापासून शिकायचं असेल तर दोनदा ट्राय डाइव्ह करण्यापेक्षा ओपन वॉटर, म्हणजे डायव्हरचं पहिलं प्रमाणपत्र देणारा कोर्स करावा. त्याचा अभ्यास घरी ऑनलाइन आणि तलावातला सराव मुंबई-पुण्यात उरकता येतो, समुद्रातले चार डाइव्ह तेवढे अंदमानात. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, कान आणि मास्क आपल्याला मानवतात का हे विमानाचं तिकीट काढायच्या आधी कळायला ते जवळचं. मालवणच्या पाण्यात हॅवलॉकएवढं दूरवर दिसत नाही, पण त्या चाचणीला दिसण्याची गरजही नाही. लक्षद्वीपचं पाणी अंदमानहून नितळ, मात्र तिथे भारतीयांनाही प्रवेशाचा परवाना लागतो, आणि लहान मुलांसह घाईच्या सहलीला ते गैरसोयीचं.

खाली गेल्यावर कशालाही हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही. २०१० साली पाणी तापून इथलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, जे सावरलं ते जपायला हवं. आणि हात लावू नये याचं रोखठोक कारणही आहे: लायनफिशचे काटे विषारी, दगडासारखा दिसणारा स्टोनफिश त्याहून. टायटन ट्रिगरफिश घरटं राखताना अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यापासून वरच्या दिशेने रुंदावत जाते, म्हणून वर न पळता आडवं दूर व्हायचं. किनाऱ्यावर मगरीचा फलक असेल तर तो शोभेचा नाही. २०१० मध्ये राधानगरलगतच्या पाण्यात एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता.

संध्याकाळी ओल्या वाळूवर चिलटं चावतात, खाज आठवडाभर टिकते. चटई आणि खोबरेल तेल न्या. मुलांनी खिशात भरलेले शंख आणि प्रवाळाचे तुकडे हॉटेल सोडण्याआधी काढून घ्या. प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, आणि परतीच्या विमानतळावर बॅगा त्यासाठी उघडल्या जातात.